पानं शेजारी वाढली आहेत

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात लहान मूल असलं की ते आपोआप साठत जातात, स्वयंपाकघरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे. टाकवत नाहीत, आणि कधी उपयोगी पडतील सांगता येत नाही! परवा कुलकर्णी वहिनी घरी आल्या. चहाचं आधण ठेवेपर्यंत आमचे दोन किस्से सांगून झाले, कप विसळेपर्यंत आणखी तीन. माझी लेक, आता चांगली कमावती बाई, कंटाळून म्हणाली, "आई, एकदाचं लिहून तरी काढ, नाहीतर बोलणं तरी थांबव." बोलणं थांबवणं मला जमण्यातलं नाही. म्हणून लिहायला बसले.

तर गोष्ट नव्वदच्या दशकातली, हुबळी आणि धारवाडच्या मधल्या आमच्या नवनगरातली. गल्लीला इकडे 'क्रॉस' म्हणतात. आमच्या क्रॉसमध्ये शेजारी शेजारी तीन घरं. मधलं माझं. उजवीकडे शांताक्का, नवरा रेल्वेत, मुलगा बसू. डावीकडे कुलकर्णी वहिनी, नवरा धारवाडच्या कोर्टात वकील, मुलगा अभी. माझी मुलगी मृण्मयी, पण सगळा क्रॉस तिला पुट्टी म्हणायचा, म्हणजे छोटी. तिघंही चार-पाच वर्षांची, तिघंही एकाच बालवाडीत.

आणि मी? मी पाककलेचे वर्ग घ्यायची! दर मंगळवारी आणि शुक्रवारी हुबळीतल्या केशवापूरच्या बायका सिटी बस पकडून माझ्या घरी यायच्या. पुरणपोळीपासून कुकरमधल्या केकपर्यंत सगळं शिकवायची मी. माझ्या हाताला चव आहे हे मला माहीत होतं, आणि मला जे माहीत असतं ते मी लपवत नाही.

फक्त एका व्यक्तीला ते मान्य नव्हतं. पुट्टी माझ्या हातचं खायची नाही. दूध प्यायची, केळं खायची, बिस्किटं तर डब्याने खायची. रात्री दूधभात खायची, कारण भात तिच्या मते आई करत नाही, कुकर करतो! पण मी फोडणी दिलेलं, लाटलेलं, तळलेलं काही पुढं केलं की ओठ घट्ट. जी बाई दुसऱ्यांच्या सुनांना स्वयंपाक शिकवते तिच्या पोटची पोर तिच्याच ताटावर उपाशी! चारचौघांत मी हसण्यावारी न्यायची, पण आत लागायचं. फार लागायचं.

* * *

एका शुक्रवारी वर्गाचा विषय होता 'मुलं आवडीनं खातील असा डबा'. मी पालकाच्या पुऱ्या तळत होते. टम्म फुगत होत्या! मी सांगत होते, "मुलं खात नाहीत असं काही नसतं हो. आईला युक्ती हवी."

पंधरा माना डोलल्या. वह्यांमध्ये 'युक्ती हवी' असं लिहून घेतलं गेलं.

तेवढ्यात मागच्या दारातून पुट्टी आली. गाल भरलेले, हाताला शेंगाचटणी लागलेली. एका बाईंनी कौतुकानं विचारलं, "अय्या, ही तुमची मुलगी ना? काय खातेस गं बाळ?"

पुट्टीनं घास गिळला आणि मुलाखत दिल्यासारखं सांगितलं, "शांताक्काची भाकरी."

"आणि आईनं केलेल्या पुऱ्या?"

"त्या तुमच्यासाठी आहेत!"

* * *

हे दुखणं माझ्या एकटीचं आहे अशी माझी समजूत होती. ती एका दुपारी फाटकापाशी मोडली.

मी आमटीभाताचं ताट घेऊन पुट्टीच्या मागं अंगणात धावत होते. डावीकडच्या फाटकातून कुलकर्णी वहिनी वाटी-चमचा घेऊन अभीच्या मागं धावत आल्या. उजवीकडून शांताक्का बसूच्या मागं, "तिन्नो मारायाऽ, तिन्नो!" म्हणजे, खा रे बाबा, खा. तिघी एकमेकींवर आदळणारच होतो!

आम्ही दम खायला थांबलो. पदरानं कपाळ पुसत एकमेकींकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. अभी माझ्या ताटातला आमटीभात हातानं खात होता. बसूनं वहिनींची वाटी घेऊन तोंडाला लावली होती. आणि आमच्या बाईसाहेब शांताक्काच्या पायरीवर बसून, तिच्या ताटलीत बसूनं टाकलेली भाकरी मोडत होत्या.

मग वहिनी म्हणाल्या, शेवटी वकिलाचीच बायको, "सुलभा, पुरावा डोळ्यासमोर आहे. केस लढवण्यात अर्थ नाही. तडजोड करू या."

तडजोड अशी ठरली. बालवाडी सुटली की पुट्टीनं शांताक्काकडे जेवायचं, बसूनं वहिनींकडे, अभीनं माझ्याकडे. कुणी कुणाचे आभार मानायचे नाहीत. कुणी चौकशी करायची नाही. आणि दुसरीच्या मुलाला खाऊ घालून "बघा, माझ्याकडे कसा खातो!" असं तर मुळीच म्हणायचं नाही.

शांताक्कानं एक अट घातली. "बाई, ऊरिगेल्ला हेळ्री, अत्तिगे हेळब्याड्री!" गावभर सांगा, सासूला तेवढं सांगू नका!

* * *

सांगावं लागलंच नाही. माझ्या सासूबाई धारवाडहून न कळवता आल्या. रिक्षातून उतरल्या त्या नेमक्या जेवणाच्या वेळेला.

आत आल्या तर पाटावर अभी बसलेला. पुढ्यात पुट्टीची चांदीची वाटी, तीही सासूबाईंनीच बारशाला दिलेली. मन लावून जेवण चाललेलं.

"हे कोण गं जेवायलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"वकिलांचा अभी."

"मग आपली पुट्टी कुठाय?"

"शेजारी. शांताक्काकडे जेवायलीय."

"आणि त्या शांताक्काचं पोर?"

"तो वकिलांच्यात."

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. पाणी प्यायल्या. तिन्ही घरांचा हिशेब मनात एकदा घातला असावा. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "सुलभा, माझा मुलगा कुठं जेवतो, तेवढं सांग की गं बाई!"

* * *

तडजोड झाली म्हणून मी हार मानली होती असं नाही. हार मानणं आमच्या माहेरीही नव्हतं. मी एक डाव टाकला.

सकाळी भरली वांगी केली. माझी भरली वांगी म्हणजे, जाऊ दे, ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना विचारा. ती डब्यात भरून मागच्या भिंतीवरून शांताक्काच्या हाती दिली. "पुट्टीला तुमची म्हणून वाढा," म्हटलं. एकदा का पोटात गेली की दुपारी तिला सांगायचं, बघ, ही आईच्या हातची!

दुपारी मी खिडकीला कान लावून होते. शांताक्काच्या स्वयंपाकघरातून पुट्टीचा आवाज आला, "अक्का, इन्नष्ट!" आणखी वाढ! भाजी आणखी हवी होती! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. त्या आनंदात मी संध्याकाळी शिरा केला आणि वाटी घेऊन शांताक्काकडे गेले.

शांताक्कानं शिरा घेतला, पण चेहरा पडलेला. "बाई, खरं सांगते. ह्यांची ड्यूटी लवकर होती. भाजी व्हायची होती, म्हणून तुमची वांगी ह्यांच्या डब्यात घातली. पुट्टीनं माझंच झुणका खाल्लं."

मी काही बोलायच्या आत आतून तिच्या नवऱ्याचा खणखणीत आवाज आला, "शांता, आजची वांगी एक नंबर! कुठल्या क्लासला जायला लागलीस?"

माझ्या वांग्यांना दाद मिळाली, नाही असं नाही. पण ती रेल्वेकडून!

* * *

कुलकर्णी वहिनींचं स्वयंपाकात लक्ष कमीच. त्यांच्या हातात कायम सुई. आमच्या धारवाडी भागातला तो भरतकामाचा प्रकार आहे ना, कसूती, उलटसुलट दोन्हीकडून सारखी दिसते ती, त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता टाके मोजायच्या आणि मग दोन्ही चुकायचं.

ज्येष्ठातल्या अमावास्येला आमच्याकडे मातीचे बैल करतात. मण्णेत्तिन अमावास्या. त्या वर्षी वहिनींनी तिन्ही मुलांना आपल्या अंगणात बसवून बैल करायला शिकवले. बसूचा बैल गलेलठ्ठ, पुट्टीच्या बैलाला शिंगं होती आणि पाय नव्हते. अभीच्या बैलासाठी मात्र वहिनींनी स्वतः झूल भरली होती. एवढीशी, तळहाताएवढी, पण कसूतीची! त्यावर कमळं, त्यावर गोपूर. कितीतरी दुपारी त्या झुलीवर गेल्या होत्या.

बैल उन्हात वाळले. वहिनी पूजेचं ताट आणायला आत गेल्या. अभीनं गावाकडे खऱ्या बैलांना सणाला अंघोळ घालताना पाहिलं होतं. त्यानं बैल उचलला आणि बादलीत सोडला.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा बादलीत गढूळ पाणी होतं आणि वर झूल तरंगत होती. अभी भोकाड पसरून रडत होता. वहिनींनी झूल उचलली, पिळली, दोरीवर वाळत घातली आणि म्हणाल्या, "लोक बैल गेल्यावर झोपा करतात. आमचा बैल गेला, पण झूल पक्की निघाली हो! रंग जरासुद्धा गेला नाही."

बसूनं आपल्या गलेलठ्ठ बैलाचं अर्धं पोट काढून अभीला नवा बैल करून दिला. मग मी तिघांना घरी बोलावलं, कारण बैलांच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्या माझ्याकडे होत्या. पुट्टीच्या बिनपायाच्या बैलापुढे मी पोळी ठेवायला गेले, तर तिनं बैल उचलून फ्रॉकमागं लपवला.

"अगं, नैवेद्य आहे. त्याला भूक लागली असेल."

"लागलीय," पुट्टी म्हणाली. "पण माझा बैल घरी जेवत नाही."

मग काय! त्या अमावास्येला आमच्या क्रॉसमधले तिन्ही बैलसुद्धा शेजारी जेवले.

* * *

नागपंचमीला आमच्या भागात लाडवांची धमाल असते. उंडी म्हणतात त्यांना इकडे. शेंगदाण्याची, तिळाची, डाळव्याची. ताटं भरभरून या घरातून त्या घरात जातात. तुम्ही शेजारी पाठवायचं, शेजारणीनं तुम्हाला.

माझ्या रव्याच्या लाडवावर मी मधोमध एक लवंग टोचते. ती माझी सही! ते लाडू मी शांताक्काकडे पाठवले. शांताक्काकडे एवढे जमले की तिनं त्यातले काही कुलकर्णी वहिनींकडे सरकवले. वहिनींनी लाडू केलेच नव्हते, सुई चालू होती. तेव्हा त्यांनी आलेल्या ताटावर नुसता क्रोशाचा रुमाल बदलला आणि ते माझ्याकडे पाठवून दिलं!

मी रुमाल उचलला, तर माझ्याच लवंगा माझ्याकडे बघत होत्या.

एवढ्यात पुट्टी आली. "कुणाकडचे?"

"वहिनींकडचे," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

पुट्टीनं एक उचलला. चावा घेतला. डोळे मिटले. "काकूंचे लाडू कित्ती छान असतात!"

आता बघा, शहाण्या बाईनं अशा वेळी काय करावं? गप्प बसावं. पोर खातेय, खाऊ द्यावं. आणि मी काय केलं? मी टाळ्या वाजवल्या! "फसलीस! फसलीस! तो माझा लाडू आहे! ही बघ लवंग!"

पुट्टीनं लवंगेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. उरलेला अर्धा लाडू अलगद ताटात परत ठेवला, दातांची खूण वर करून.

संध्याकाळी ऐकून शांताक्का कपाळाला हात लावून म्हणाली, "बाई, तुमच्या हाताला चव आहे हो. तोंडाला कुलूप तेवढं नाही!"

* * *

माझी कीर्ती मात्र वाढत चालली होती. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका हॉलमध्ये बायकांच्या एका मंडळानं माझं प्रात्यक्षिक ठेवलं. विषय पुन्हा तोच, मुलांचं खाणं. नशिबात असतं ते चुकत नाही. आयोजक बाई म्हणाल्या, "येताना एक लहान मूल आणा. स्टेजवर चव घेईल. बायकांना पटतं."

पुट्टीला नेण्यात अर्थ नव्हता. मी अभीला नेलं. नवीन शर्ट, भांग पाडलेला. वहिनी पहिल्या रांगेत, मांडीवर भरतकाम.

मी भाज्या घालून थालीपीठ लावलं, वर लोण्याचा गोळा. अभीनं स्टेजवर बसून ते असं खाल्लं की पाहणाऱ्याला भूक लागावी. बोटं चाटली. ताटली चाटली. टाळ्या पडल्या!

आयोजक बाई माइक घेऊन खाली वाकल्या. "काय रे राजा, आईच्या हातचं असंच रोज आवडीनं खातोस का?"

"छे!" अभी माइकमध्ये म्हणाला, आणि हॉलभर घुमलं. "आईच्या हातचं कोण खातंय! ती बघा माझी आई, शिवत बसलीय!"

सगळ्या हॉलनं वळून वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान वर न करता सुईत दोरा ओवला. म्हणाल्या, "खरं आहे. पण शर्टची बटणं कुणी लावलीत तेही विचारा त्याला."

मी तर मुळीच डगमगले नाही. माइक ओढला आणि सांगितलं, "बघा! स्वतःचं मूल काय, लाजेकाजेनंही खाईल. माझ्याकडे परकं मूल खातं!" पुढच्या महिन्यात माझ्या वर्गाला चटया पुरेनात.

घरी आले तर पुट्टी शांताक्काच्या कट्ट्यावर ताटली चाटत होती.

* * *

मग शांताक्काच्या नवऱ्याची बदली झाली. विजापूरकडे.

रेल्वेवाल्यांना बदलीची सवय असते, पण आमच्या तिघींना नव्हती. सामान बांधताना शांताक्का मध्येच थांबून पुट्टीला मांडीवर घ्यायची आणि भाकरीचा तुकडा भरवायची. वहिनींनी बसूसाठी एक रुमाल भरला, चारी कोपऱ्यांत चार बैल. त्यातला एक मुद्दाम बिनपायाचा. शांताक्का मला म्हणाली, "पुट्टीला माझ्याबरोबर पाठवा की. दिवाळीला परत देते." आम्ही दोघी हसलो आणि हसता हसता दोघीही रडलो. लाज कसली त्यात? माझी पोर जिच्या हातचं खाऊन वाढली ती बाई चालली होती.

जाताना तिनं पुट्टीची ताटली माझ्या हातात दिली. कडेला पोचा आलेली स्टीलची ताटली. "ह्यात वाढा. खाईल."

दुसऱ्या दिवशी त्यात वाढलं. पुट्टीनं ताटली ओळखली, पोच्यावरून बोट फिरवलं आणि उठून गेली. शांताक्काच्या बंद घराच्या पायरीवर जाऊन बसली.

मी वहिनींना गाठलं. त्यांच्याकडे आता बसू नव्हता, पान रिकामंच होतं. वहिनींनी लगेच हाक मारली, "पुट्टी, ये गं, आता तू माझ्याकडे जेव!" पुट्टीनं मान हलवली.

"का गं?" मी विचारलं.

"तिथं बसू जेवतो."

"बसू गेला ना गावाला."

"आला म्हणजे कुठं बसेल?" ती म्हणाली.

पोर दूध-बिस्किटांवर आली. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टर म्हणाले काही आजार नाही, भूक लागली की खाईल. भूक लागली की खाईल! हे डॉक्टर कधी आई झालेत का? मी शांताक्कासारखी भाकरी थापायला बसले. केक फुगवणारे माझे हात, पण परातीतली भाकरी तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. त्या मंगळवारी मी वर्गातल्या बायकांना सांगितलं, "आज येऊ नका, बरं नाही." बरं मला होतं. पण मुलांनी काय खावं हे सांगायला उभं राहायचं बळ नव्हतं.

* * *

त्याच दुपारची गोष्ट.

मी स्वयंपाकघरात होते. अभी ठरल्याप्रमाणे पाटावर बसला होता. आमटी, फ्लॉवरची भाजी आणि माझ्या त्या मोडक्या भाकऱ्या. पुट्टी मागच्या अंगणात खेळत होती असं मला वाटत होतं.

पुढच्या दाराची कडी वाजली. कोण आलं या वेळेला म्हणून दार उघडलं.

दारात पुट्टी उभी होती. पायांत चपला. केसांना पाणी लावून स्वतःच भांग पाडलेला, वाकडा. हातात ती पोचा आलेली ताटली. घरच्या मुलीसारखी ती आत घुसली नाही. उंबऱ्याबाहेर थांबली, माझ्याकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "अक्का, ऊटक्क बंदेनि."

अक्का, जेवायला आलेय.

मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

"बा, पुट्टी," मी म्हटलं. "कुंदर." ये, बस.

तिनं चपला बाहेर काढल्या. आत आली. स्वतःच्या घरात पहिल्यांदाच आल्यासारखी इकडे तिकडे पाहत, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, फ्रीजकडे. अभीच्या शेजारी मांडी घालून बसली. अभीनं घास हातात धरून विचारलं, "अगं, हे तर तुझंच..."

मी भाकरीचा एवढा मोठा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला!

ताटलीत वाढलं. पुट्टीनं मोडक्या भाकरीचा तुकडा घेतला, आमटीत बुडवला, तोंडात घातला. मी गॅसकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझं तोंड तिनं पाहू नये असं होतं. मागून चावण्याचा आवाज येत होता. मग ताटली माझ्याकडे सरकल्याचा आवाज आला.

"अक्का, इन्नष्ट."

वाढलं. भाजी वाढली. आमटी वाढली. पुन्हा भाकरी वाढली. शेवटी तिनं ताटलीवर हात आडवा धरला, "साक." पुरे. मोरीवर हात धुतले. पुढच्या दाराशी गेली, चपला घातल्या, वळून म्हणाली, "होगि बर्तेनि, अक्का." येते मी. आणि दार ओढून घेतलं.

मग घराला वळसा घालून धावणाऱ्या चपलांचा आवाज. मागचं दार धाडकन उघडलं.

"आई, मी जेवून आले!"

"कुठं गं?"

"शेजारी. नवीन अक्का आल्यात."

"असं होय? बरं वाढतात का?"

"भाकरी मोडकी असते," पुट्टी म्हणाली. "पण आमटी खूप छान."

तिनं माझ्या पदराला ओले हात पुसले. मग माझा हात धरून, समजूत घातल्यासारखी म्हणाली, "आई, त्या क्लास घेतात. मंगळवारी आणि शुक्रवारी. तू पण जात जा."